टीचर ऍनी, मुक्काम पोस्ट किन्हवली

आमच्या किन्हवलीत एखाद्या बाईचं नाव निघालं की त्याला मागे एक शेपूट लावायची रीत आहे. कोणी म्हशीवाली, कोणी नवऱ्याच्या अंगावर धावणारी. मी लंगडी भिमी, आणि त्याचं मला आता काही वाटत नाही, कारण मी लंगडी आहेच. पण अनिताच्या नावामागे जे शेपूट लावतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. 'ती गो, पोर टाकून फॉरेनला गेलेली.' बोलणाऱ्या बायांतल्या निम्म्यांनी तिला धड पाहिलेलंही नाही. मी तिचे चार वर्षांचे फोन ऐकले आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

फोन ऐकले म्हणजे चोरून नाही. बूथच माझा होता. सत्त्याण्णव साली अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडीचा बूथ मिळाला, एसटी स्टँडसमोर, पत्र्याचा, आत काचेची केबिन. केबिनचं दार पहिल्याच पावसाळ्यात फुगलं आणि पुन्हा कधी नीट लागलं नाही. त्यामुळे आत जे बोललं जाई ते, आणि रिसीव्हर मोठ्यानं वाजायचा म्हणून पलीकडचंही, बाहेर खुर्चीवर बसलेल्या मला ऐकू येई. कानात बोटं घालून बसायला मी काही साध्वी नाही.

अनिता मुरबाड तालुक्यातली, सरळगावकडची. मुरबाडला कॉलेज करून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि शहाण्णव साली लग्न होऊन आमच्या समोरच्या आळीत आली. नवरा ज्ञानेश्वर वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर. स्वभावानं गरीब, बोलायला सांगितलं तर घाम फुटणारा. घरात आणखी एकच माणूस, ज्ञानेश्वरची मोठी बहीण सकूबाई. तिला डोळखांबच्या बाजूला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नाही, तिसऱ्या वर्षी ती माहेरी परत आली आणि भावाचं घर, शेत, गुरं सगळं अंगावर घेतलं. अनिता रोज सकाळच्या एसटीनं शहापूरला जायची, तिथल्या एका इंग्रजी बालवाडीत शिकवायला. अठ्ठ्याण्णव साली भूमिका झाली. आईची नोकरी, म्हणून पोर पहिल्यापासूनच आत्याच्या कडेवर.

मग ज्ञानेश्वरच्या कंपनीनं थायलंडमध्ये सुताची गिरणी काढली आणि इथले काही फिटर तिकडे नेले. तो दोन हजार एकला गेला. पुढच्या वर्षी त्यानं अनितालाही बोलावलं. तिथं इंग्रजी येणाऱ्या बाईला काम मिळतं म्हणाला. पोरीला नेता येत नव्हतं, कारण कंपनीच्या खोलीत लेकरांना परवानगी नव्हती, आणि तिथल्या चांगल्या शाळेत घालायचं तर ज्ञानेश्वरचा सगळा पगार त्यात गेला असता. एक वर्ष, असं ठरलं. अनितानं काम धरायचं, वेगळी खोली घ्यायची आणि पोरीला घेऊन जायचं. भूमिका तेव्हा चार वर्षांची होती. निघताना अनिता तिला म्हणाली, "सुट्टी लागली की येते आणि तुला घेऊन जाते." हे मी ऐकलंय. स्टँडवरच बोलली.

तिला जे काम मिळालं ते ऐकून मी आधी हसलेच. तिथल्या एका गोऱ्या साहेबाची शाळा होती आणि तो सुट्टीत लहान मुलांसाठी इंग्रजीचे कॅम्प भरवायचा. शहरातली सहा ते दहा वर्षांची पोरं पाच-पाच दिवसांसाठी तळ्याकाठच्या, डोंगरातल्या रिसॉर्टवर न्यायची, आणि पाच दिवस त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं. टाळ्यांची गाणी, रंगांची नावं, झाडाखाली लपवलेल्या वस्तू शोधायच्या, उत्तर बरोबर आलं की हातावर चांदणीचं स्टिकर. गुलाबी टी-शर्ट घालून अनिता दिवसभर उड्या मारायची. "भिमाताई, लग्नात नाचले नाय तेवढी इथं नाचते," म्हणाली होती.

साहेबानं तिचं नाव बदललं. अनिता म्हणजे पोरांच्या आईबापांना लगेच कळणार ही इंडियातली, आणि त्यांनी पैसे भरलेले असतात खऱ्या इंग्रजासाठी. म्हणून ती झाली टीचर ऍनी. कोणी विचारलं तर सिंगापूरची सांगायचं. "किन्हवलीचं सिंगापूर केलं ग बाई तू," मी म्हटलं. ती हसली. पण मग जरा वेळानं म्हणाली, "पोरं विचारतात, टीचर, तुला मुलं आहेत का. साहेब म्हणतो नाही म्हणायचं, नायतर पोरांना घर आठवतं."

फोन दर रविवारी सकाळी दहाला यायचा. सकूबाई पोरीला न्हाऊमाखू घालून साडेनऊलाच माझ्या बाकावर आणून बसवायची. आधी अनिता माझ्याशी दोन शब्द बोलायची, मग पोरीशी, मग शेवटी सकूबाईशी. आता चार वर्षांच्या पोरीशी फोनवर काय बोलणार? जेवलीस का, झोपलीस का, आणि पुढे गप्प. तेव्हा अनितानं शिकवायला सुरुवात केली. तेच तर तिला दिवसभर करायची सवय. व्हॉट इज युवर नेम? हाउ ओल्ड आर यू? व्हॉट कलर इज युवर फ्रॉक? पोरगी पटपट उत्तरं द्यायची. मग अनिता कॅम्पच्या गोष्टी सांगायची. पोरं गाडीतून उतरतात, पहिल्या दिवशी आईसाठी रडतात, दुसऱ्या दिवशी खेळायला लागतात, तिसऱ्या दिवशी तळ्यावर जातात, पाचव्या दिवशी आईबाप न्यायला येतात तेव्हा नाचून दाखवतात. भूमिकेला ह्या गोष्टी फार आवडायच्या. केबिनमध्ये स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ती ऐकत राहायची.

एक वर्षाची दोन झाली. कारण काय, तर सुट्टी. आमच्याकडे शाळेला मे महिन्याची सुट्टी, तिकडेही उन्हाळ्याची सुट्टी मार्चपासून मेपर्यंत. पोरांच्या सुट्टीत कॅम्प. म्हणजे भूमिकेला सुट्टी लागायची तेव्हाच तिच्या आईला दुसऱ्यांच्या पोरांना खेळवायचं असे. ज्ञानेश्वर दिवाळीत दहा दिवस यायचा, पोरीसाठी बाहुली आणायचा आणि बहुतेक वेळ झोपून काढायचा. एका दिवाळीत त्यानं ठाण्याला जाऊन तिचा पासपोर्ट तेवढा काढून ठेवला.

दोन हजार चारच्या शेवटाला अनिताचा आवाज एकदम मोकळा आला. साहेबानं तिला शाळेत कायम केलं होतं. कायमच्या शिक्षकांच्या मुलांना त्याच शाळेत जवळजवळ फुकट घेत. जागा ठेवली होती, पुढच्या मेच्या मध्यावर शाळा सुरू. एप्रिलच्या अखेरीला येऊन पोरीला घेऊन जायचं, बारा दिवस लागतील. मी विचारलं, ऐन कॅम्पात साहेब सोडेल का? ती म्हणाली, "माझे दिवस बाकीचे करतील. मी त्यांचे केलेत की."

इथं मला आमची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात वाकायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही. कोणाचे किती दिवस झाले हे कुठं लिहिलेलं नसतं आणि ते कोणी विसरतही नाही. तुमचं खाचर चिखलून तयार झालं की ज्यांच्याकडे तुम्ही राबलात त्या बाया सकाळी बांधावर येऊन उभ्या. त्यांना बोलवायला जायचं नसतं. 'मी तुझे दिवस केले, आता तू माझे कर' असं तोंडानं म्हणणं म्हणजे समोरचीला तोंडावर लबाड म्हटल्यासारखं. तशी वेळ ज्या घरावर येते त्या घराशी पुढे कोणी सावड धरत नाही.

अनिता ह्या सावडीत वाढलेली. तिच्याबरोबर कॅम्पात मारिसा नावाची एक फिलिपिन्सची बाई होती आणि सायमन नावाचा विलायतेचा पोरगा. ऑक्टोबरच्या सुट्टीत मारिसाला मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचं होतं, तर तिचे दोन कॅम्प अनितानं केले. सायमन सोमवारी उठू शकायचा नाही, कारण रविवारी प्यायचा, तर त्याचा प्रत्येक पहिला दिवस अनितानं केला. नाताळात दोघंही घरी गेले, ही एकटी राहिली. मी विचारलं, "त्यांना सांगितलंस का, की एप्रिलात माझे दिवस करायला लागतील म्हणून?"

"ते काय सांगायचं असतं का, भिमाताई?" ती म्हणाली.

आणि मी, जगाला अक्कल शिकवणारी मी, मान डोलावून म्हटलं, "तेही खरंच." दोघींच्याही डोक्यात एकच खाचर.

पोरीला तारीख सांगितली. एकोणतीस एप्रिल. भूमिका आता सात वर्षांची व्हायला आलेली. सकूबाईनं तिला शहापूरहून दोन फ्रॉक आणले, केस कापून आणले, एक रेक्झिनची पिशवी आणली आणि त्यात कपडे घडी करून ठेवले. शेजारणी विचारायच्या, पोर गेल्यावर तू काय करशील ग? सकूबाई म्हणायची, "गुरा हायत ना."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बुधवारी फोन आला. रविवार नसताना फोन आला तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. अनिता रडत नव्हती. आवाज नुसता सपाट. तिनं साहेबाकडे रजा मागितली. साहेब म्हणाला, तुझे कॅम्प कोण करणार? ती म्हणाली, मारिसा आणि सायमन. साहेबानं दोघांना तिच्यासमोर बोलावून विचारलं. मारिसा म्हणाली, मला काहीच माहीत नाही, माझे माझे कॅम्प आहेत. सायमन म्हणाला, ऍनी, आधी सांगायचं ना, मला वाटलं तुला काम करायला आवडतं.

"वाईट नव्हता बोलत तो," अनिता म्हणाली. "खरंच तसं वाटलं होतं त्याला. भिमाताई, त्यांना ठाऊकच नव्हतं मी सावड करत होते."

साहेब म्हणाला, जायचं तर जा, पण मग परत येऊ नकोस. परत गेली नाही तर नोकरी गेली, नोकरी गेली तर शाळेतली जागा गेली, आणि जागा गेली तर पोरीला नेऊन ठेवणार कुठे? ज्या पोरीसाठी यायचं, तिच्यासाठीच येता येत नव्हतं. ज्ञानेश्वरला पाठव म्हटलं, तर त्याच्या गिरणीत नवी यंत्रं बसत होती, जूनपर्यंत कोणालाच सुट्टी नव्हती. "सकूताईंना तुम्ही सांगा," म्हणाली. "भूमिकाला मी रविवारी सांगते."

मी सकूबाईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि वैरण घेऊन निघून गेली. रविवारी अनितानं फोन केला आणि पोरीला रंग विचारले, वार विचारले, कॅम्पात कासव सापडल्याची गोष्ट सांगितली, आणि आपण येत नाही हे सांगितलंच नाही. मला वाटलं सकूबाई सांगेल. सकूबाईला वाटलं आई सांगेल.

एकोणतीस तारखेला सकाळी भूमिका नवा फ्रॉक घालून, पिशवी घेऊन माझ्या बाकावर येऊन बसली. मुरबाडकडून एसटी आली की उभी राहायची, शहापूरकडून आली की उभी राहायची. विमान कुठल्या बाजूनं येतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी सकूबाई घ्यायला आली तर जाईना. मी म्हटलं, "भूमे, आज नाय येत आई, गाडी चुकली असेल." हे मी का बोलले मला आजही कळत नाही. कारण गाडी चुकली म्हणजे उद्या येणार. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आली नाही.

रविवारी अनितानं पहिला प्रश्न मला केला, "रडली का?" मी म्हटलं, "छे, खेळतेय मजेत." खोटं बोलले. तिला तिकडे कामात धीर मिळावा म्हणून बोलले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की मला तिचं रडणं ऐकवलं नसतं. त्या तीन दिवसांचं तिला कळलं असतं तर कदाचित ती सगळं सोडून आली असती. कदाचित नसतीही आली. पण ते ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो मी मारला. माझ्या हातून झालेल्या गोष्टींत ही सगळ्यांत वाईट.

त्यानंतर भूमिका फोनवर फार चांगलं बोलायला लागली. विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर. आय ऍम फाइन, थँक यू. आय लाइक मँगो. कधी येतेस हे तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही. अनिता खूश. "किती शहाणी झालीय," म्हणायची. मी बाहेर बसून ऐकत असायची. वर्गात बाईंनी उभं केल्यावर पोरं जशी बोलतात तशी ती बोलत होती.

जूनमध्ये ज्ञानेश्वर मोकळा झाला तोवर शाळेतली जागा भरली होती, आणि पुढची मिळेपर्यंत दुसरं वर्ष उजाडलं. दोन हजार सहाच्या जुलैत, कॅम्प नसताना, साहेबानं अनिताला चौदा दिवसांची रजा दिली. शाळेचं वर्ष चालू असतानाच पोरीला घ्यायलाही तो तयार झाला. पौर्णिमेच्या आसपास, भर पावसात, दुपारी अनिता माझ्या बूथसमोर जीपमधून उतरली. अंगानं रोडावलेली, केस खांद्यापर्यंत कापलेले. बाकावर सकूबाई आणि भूमिका बसल्या होत्या. पोरगी उठून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून."

अनिता छत्री टाकून तिच्यासमोर उकिडवी बसली, तिच्या डोळ्यांशी डोळे आणून, तोंडभर हसली, आणि पर्समधून स्टिकरांचं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. "व्हेरी गुड!" म्हणाली. मागे एकदा तिनंच मला सांगितलं होतं, रडणाऱ्या पोराला कसं सांभाळायचं याचं साहेबानं ट्रेनिंग दिलं होतं. खाली बसायचं, डोळ्यांच्या उंचीला यायचं, हसायचं, हातात काहीतरी द्यायचं. ती हुबेहूब तेच करत होती. आणि तिला ते कळत नव्हतं. भूमिका रडत नव्हती. थँक यू म्हणून तिनं पाकीट आत्याच्या पिशवीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी अनिता बूथवर येऊन बसली. मग म्हणाली, "भिमाताई, ती मला विचारून पाणी पिते."

"म्हणजे?"

"पाणी पिऊ का. आत जाऊ का. परसाला जाऊ का, हेसुद्धा विचारलं काल. सकूताईंना नाय विचारत. त्यांच्या तर पदराला तोंड पुसते. त्यांच्यावर ओरडते पण. माझ्यावर एकदा ओरडली असती ना, तर बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, होईल सवय.

लावणीचे दिवस होते. सकूबाईच्या खाचराचा नंबर लागला तेव्हा रस्त्याकडच्या बांधावर मीही जाऊन बसले, प्लास्टिक डोक्यावर घेऊन. पंधरा बाया आल्या. अनितानं साडीचा काचा मारला आणि रांगेत उतरली. चार वर्षांत हात विसरला नव्हता. भूमिका रोपांच्या मुठी बायांच्या मागे टाकत होती. मध्येच मी बघते तर सकूबाईच्या कपाळावर, जिथं किती वर्षांत कुंकू लागलं नाही तिथं, चांदणीचं स्टिकर. पोरीनं इंग्रजीत रंग विचारून चिकटवलेलं, उत्तर बरोबर आलं म्हणून. बाया हसायला लागल्या. सकूबाईनं चिखलाचा हात उगारला, पोरगी किंचाळत बांधावरून पळाली. अनिताही हसली. त्या दोन आठवड्यांत ती तेवढी एकदाच खरी हसली.

त्याच दिवशी मी सकूबाईला गाठून विचारलं, "तुला काय वाटतं ते एकदा बोल तरी."

"मना काय वाटायचं भिमे?" ती म्हणाली. "जिची तिनं न्यायची. मी राखणीला होते."

मला सणक आली. पण ती बोलली नाही म्हणजे नाहीच बोलली. मग मी अनिताला पकडलं. म्हटलं, "एवढं कळतंय तर राहा इथंच. शहापूरची बालवाडी आहे. ज्ञाना येईल मागून."

ती चिडली. तिला चिडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "आणि चार वर्षं कशाला घालवली मग मी? तिला तिथं शाळेत घालायची म्हणून सिंगापूरची झाले, मला पोर नाही म्हणून सांगितलं लोकांना. आता हात हलवत परत येऊ? तिथं माझ्याजवळ राहिली की होईल सगळं नीट. लेकरूच आहे. इथं सकूताई समोर आहेत तोवर ती माझ्याकडे कशी वळेल?"

तिचंही चुकत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी आठला शहापूरची जीप यायची होती. सकूबाई स्टँडवर आली नाही. त्या दिवशी दुसऱ्या घरची लावणी होती आणि तिचा सावडीचा दिवस होता. तो चुकवता येत नाही, हे कारण तिला बरं मिळालं. पोरीला तिनं घरातच जेवू घातलं, पिशवी अनिताच्या हातात दिली आणि प्लास्टिक डोक्यावर घेऊन शेतावर गेली. मायलेकी माझ्या बाकावर बसल्या. भूमिकेच्या पायात बूट, केसांना रिबन. अनिता तिच्याशी टाळ्यांचा खेळ खेळत होती, आणि पोरगी प्रत्येक टाळी बरोबर देत होती.

जीप आली. ड्रायव्हरनं सामान टपावर चढवलं, पोरीची पिशवी आत सीटवर ठेवली. भूमिका उठली, पण चढली नाही. हात मागे बांधून म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार की."

"हा कॅम्प किती दिवसांचा आहे?"

अनिता म्हणाली, "कुठला कॅम्प?"

"तू मला नेतेस तो." आईचा चेहरा बघून तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. घाईनं म्हणाली, "मी पहिल्या दिवशी रडणार नाय. नाच पण करीन. पण शेवटच्या दिवशी न्यायला येतात ना, तर आत्याला तिकडचा रस्ता ठाऊक नाय. तू तिला आताच सांगून ठेव. ती कधी किन्हवलीच्या बाहेर एकटी जात नाय."

मी दोन हात अंतरावर माझ्या खुर्चीवर होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अनिता तिच्याकडे बघत राहिली. ह्या वेळी ती खाली बसली नाही, हसली नाही. जीपमध्ये वाकून तिनं रेक्झिनची पिशवी काढली आणि पोरीच्या पायाशी ठेवली.

"कॅम्प रद्द झाला," ती म्हणाली.

"खरंच?"

"हो. साहेबानं कळवलंय."

भूमिकेनं पिशवीकडे बघितलं. मग विचारलं, "मग मी जाऊ?"

"जा."

"थँक यू," म्हणून तिनं पिशवी उचलली. आळीच्या कोपऱ्यापर्यंत ती नीट चालत गेली, बाईंसमोरून जावं तशी. कोपऱ्यावर वळली आणि तिला वाटलं आपण दिसत नाही. पण माझ्या बूथसमोरून कोपऱ्यापलीकडचा शेताचा रस्ता सगळा दिसतो. पिशवी तिथंच चिखलात टाकून, बूट हातात घेऊन ती आत्याच्या नावानं ओरडत शेताकडे धावत सुटली.

अनितानं ते पाहिलं. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा ती जीपमध्ये चढली आणि पदर नीट केला. जीप सुटताना खिडकीतून मला म्हणाली, "भिमाताई, रविवारी दहाला फोन करते."

मी म्हटलं, "कर."